बेंजामिन ले यांचे चित्रचरित्र : निषेधाचे दृश्यरूप

अठराव्या शतकातील क्वेकर पंथीय गुलामगिरीविरोधक बेंजामिन ले (१६८२–१७५९) यांच्या जीवनावरील ‘प्रॉफेट अगेन्स्ट स्लेव्हरी’ ही ग्राफिक कादंबरी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. इतिहासकार मार्कस रेडिकर यांच्या २०१७ मधील चरित्रग्रंथाच्या आधारे चित्रकार डेव्हिड लेस्टर यांनी ती साकारली. चरित्रासाठी चित्रमाध्यमाची ही निवड केवळ लोकप्रियतेपोटी झालेली नाही, कारण ले यांचा निषेध मुळातच दृश्यात्मक होता.

१७३८ मध्ये न्यू जर्सीतील बर्लिंग्टन येथे भरलेल्या क्वेकरांच्या वार्षिक सभेत ते अंगरख्याखाली लष्करी वेश व तलवार लपवून गेले. पोकळ केलेल्या ग्रंथात रानफळांच्या तांबड्या रसाची पिशवी होती. गुलाम बाळगणाऱ्यांचा धिक्कार करीत त्यांनी ग्रंथात तलवार खुपसली आणि तो रस रक्तासारखा सभासदांवर उडाला. शस्त्र वर्ज्य मानणाऱ्या पंथाला याहून बोचरा आरसा कोणता दाखविता आला असता?

ले यांची उंची चार फुटांच्या आसपास, पाठीला कुबड. बार्बाडोसमध्ये गुलामांचे हाल पाहिलेल्या या माणसाने पुढे साखरही वर्ज्य केली. समकालीनांनी मात्र त्यांना विक्षिप्त ठरविले व इतिहासलेखनाने दीर्घकाळ तोच शिक्का कायम ठेवला. असा देह रेखाटताना व्यंगचित्राचा मोह टाळणे, हीच या माध्यमाची खरी कसोटी होय.

१७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांचा व्यापार करणाऱ्या सभासदांवर शिस्तभंगाची कारवाई करण्याचे ठरविले. पुढच्याच वर्षी ले निवर्तले.