फिर्यादीबरोबर आलेली माणसे

आरोपीची अटक, तपास, बचाव आणि शिक्षा यांची तजवीज आपल्या फौजदारी कायद्यात एकोणिसाव्या शतकापासून तपशीलवार केलेली असली, तरी ज्याच्यावर आघात झाला त्या मनुष्याजवळ कोणी बसावे की नाही, हा प्रश्न त्या कायद्याच्या कर्त्यांना पडलाच नव्हता. पीडित म्हणजे सरकारपक्षाचा एक साक्षीदार, आणि जबानी नोंदली गेली की त्याचे प्रयोजन संपले. महाराष्ट्रात ही उणीव प्रथम ज्यांनी ओळखली त्यांच्यापैकी बहुतेकांना ना वेतन होते, ना हुद्दा.

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीतच एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली, आणि पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यातून उसळलेल्या आंदोलनाची परिणती फौजदारी कायद्याच्या १९८३ च्या दुरुस्तीत झाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु मोर्चा पांगल्यावर कार्यकर्तीला बाजूला घेऊन ‘ताई, माझ्याबरोबर चौकीवर याल का?’ असे जी बाई हलकेच विचारी, तिच्या विनंतीतून जे कार्य उभे राहिले त्याचा इतिहास मात्र तुटकच लिहिला गेला. पुण्यात विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाचे ‘बोलते व्हा’ केंद्र हे त्याच विनंतीला दिलेले एक उत्तर होते. मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तेथील समाजकार्यकर्त्या वेतन घेणाऱ्या असल्या, तरी पोलिसांच्या छपराखाली बसून पोलिसांचे नसणे ही कसरत त्यांनाही शिकावीच लागली.

या कामाचे मर्म काय करावे यापेक्षा काय करू नये यात अधिक आहे, असे मला वाटते. ‘तुम्ही हिच्या कोण?’ या अंमलदाराच्या ठरलेल्या प्रश्नाला नात्याचे खोटे उत्तर द्यायचे नाही. फिर्याद नोंदवावी की नाही हे तिच्या वतीने ठरवायचे नाही. आणि उत्सुकतेपोटी घटना पुन्हा सांगायला लावायची नाही, कारण ती पोलीस, डॉक्टर आणि वकील यांच्यापुढे तिला सांगावी लागणारच असते. सर्वांत अवघड पथ्य न्यायालयातले: साक्षीविषयी एक अक्षर सुचवले, तरी ‘साक्षीदार पढवलेला आहे’ असे म्हणण्यास बचावपक्षाला आयतीच जागा मिळते, म्हणून तारखेमागून तारखा तहकूब होत असता व्हरांड्यात तासन्‌तास बसून ज्या एका विषयाने दोघींचे मन व्यापलेले आहे तो सोडून मुलांच्या शाळेविषयी, गावच्या पावसाविषयी बोलत राहायचे. सद्भावना भरपूर असलेल्या माणसाला हा संयम विशेष जड जातो. उपदेशाची हौस असणाऱ्यांनी या वाटेला न जाणेच इष्ट.

पुढे शासन जागे झाले. मुंबईच्या वांद्रे भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास ‘दिलासा’ विभाग निघाला, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने संरक्षण अधिकारी आले, २०१३ मध्ये महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ योजनेद्वारा अर्थसाहाय्य मिळू लागले. या प्रगतीने संतोष वाटतो. मात्र मदत दफ्तरात शिरली की तिला अर्ज, दाखले आणि शेरे यांचे अवयव फुटतात, आणि ते कागद गोळा करण्यास शेवटी सोबत लागते ती त्याच बिनहुद्द्याच्या माणसाची.

त्या माणसाला कायद्यात स्थान मिळाले ते प्रथम बालकांच्या बाबतीत. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाच्या कायद्याखालील नियमांनी तपासापासून खटल्यापर्यंत बालकाला सहायक व्यक्ती देण्याचा अधिकार बालकल्याण समितीस दिला, आणि २०२० च्या सुधारित नियमांनी ती तरतूद कायम राखली. गोपनीयता, कार्यवाहीची माहिती, समुपदेशनाची व्यवस्था ही कर्तव्ये त्यांत आहेत; पण या कामाची खरी जाण असलेल्या कोणीतरी लिहिले असावे असे वाटायला लावणारे कलम निराळेच आहे. बालक व त्याचे पालक यांच्या विनंतीवरून ही नेमणूक समितीला रद्द करता येते, आणि तशी विनंती करणाऱ्या बालकाला कोणतेही कारण सांगावे लागत नाही.