चैन करावी, चैन पडावी म्हणून

मराठी मध्यमवर्गीय घरात ‘चैन’ हा शब्द कधी कौतुकाने उच्चारलेला मी ऐकला नाही. ‘फार चैन चाललीये तुमची’ हे वाक्य आमच्या लहानपणी केवळ रागवण्यासाठी राखून ठेवलेलं होतं. रविवारी आठ वाजेपर्यंत लोळलं की चैन, दोन शर्ट असताना तिसरा शिवला की चैन, आणि स्टेशनवरून रिक्षाने घरी आलं तर विचारूच नका! गंमत अशी, की हाच शब्द आपण दुसऱ्या अर्थानेही रोज वापरतो. मुलगी वेळेवर घरी आली नाही की आईला चैन पडत नाही. म्हणजे एक चैन पडली नाही तर जीव थाऱ्यावर राहत नाही आणि दुसरी केली तर जिवाला टोचणी लागते. साठी ओलांडल्यावर मला वाटू लागलंय, की हा शब्द एकच आहे. आपणच त्याची उगीच वाटणी करून ठेवली आहे.

मी आयुष्यात तीन चैनी मनापासून केल्या. गाणं ऐकलं, मित्रमंडळी जमवली आणि घरी भट्टी लावून काहीबाही भाजलं. या तिन्हींना पैसा फारसा लागला नाही. लागला तो वेळ, आणि सोबत माणसं.

भाजण्यापासूनच सुरुवात करते. केक-बिस्किटं म्हणजे साहेबाची थेरं, असं आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचं ठाम मत होतं. पण शेजारच्या कायस्थ कुटुंबात श्रावणात निनावं व्हायचं, त्याची वाटी आमच्याकडे आली की हीच मंडळी बोटं चाटायची. बेसन, गूळ, नारळाचं दूध; पातेलं शेगडीवर आणि झाकणावर रसरशीत निखारे. कोकणातली माझी मावशी काकडीचं धोंडस याच रीतीने करायची. खालून आणि वरून सारखी आच द्यायची, म्हणजे दुसरं काय? ओव्हनच की! ‘पाव’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, नानकटाईतला ‘नान’ फारसीतून आला. दोघेही इथे येऊन असे रुळले, की त्यांना कोणी परके म्हणत नाही.

नानकटाई मात्र घरी होत नसे. दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत आई मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप मोजून डब्यात भरून द्यायची आणि आम्ही भावंडं पेठेतल्या बेकरीत जायचो. तिथे किलोमागे भाजणावळ घेत. आमचं साजूक तूप दुसऱ्याच्या नानकटाईत जाऊ नये, म्हणून आईने आम्हाला पहाऱ्यावर बसवलेलं असे. दोन-दोन तास त्या पायरीवर बसून राहायचं. सगळ्या आळीतली पोरं तिथेच. भेंड्या व्हायच्या, भांडणं व्हायची, मिटायची. शेवटी पत्रे बाहेर निघाले की वेलदोड्याचा आणि तुपाचा असा काही वास सुटायचा, की घरी येईपर्यंत डब्याचा वरचा थर हमखास कमी झालेला असे.

लग्नानंतर घरात ॲल्युमिनियमचा तो गोल विजेचा ओव्हन आला, झाकणाला काचेची खिडकी असलेला. ज्यांच्याकडे तोही नव्हता त्या मैत्रिणी कुकरची शिटी आणि रिंग काढून, तळाला वाळू किंवा मीठ पसरून त्यात केक भाजत. मापं वाटीचीच. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 साली आली आणि आमच्या पिढीला वाटी-चमच्याच्या मापाने निर्धास्त केलं. माझं नानकटाईचं माप आजही तसंच आहे: एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन ते सव्वादोन वाट्या मैदा, दोन चमचे रवा, चिमूटभर सोडा, वेलदोडा आणि जायफळ. खरी मेहनत तूप आणि साखर फेसण्याची. ती पांढरीशुभ्र आणि हलकी होईपर्यंत फेसायची, कारण त्यात कोंडलेली हवाच पुढे नानकटाईला खुसखुशीत करते. केकचंही तेच. आच लागली की हवा आणि सोड्याचा वायू फुगतो, मग हळूहळू पीठ धरतं. ते धरायच्या आत उतावीळपणे झाकण उघडलं, की केक बसलाच म्हणून समजा. थांबण्याला इथे पर्याय नाही.

गाण्याचंही तसंच आहे. आई सांगायची, 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा दर आठवड्याच्या त्या एका गाण्यासाठी रेडिओ असलेल्या घरात शेजारपाजारचे जमत. छप्पन्न गाणी, म्हणजे वर्षभराची वाट पाहणं. आमच्या वाट्याला बुधवारची रात्र आणि अमीन सयानींची ‘गीतमाला’ आली. पुढे कॅसेट आली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांनी संपायची, खट् असा आवाज व्हायचा आणि कोणीतरी उठून ती उलटायचं. तेवढ्या वेळात ऐकलेल्यावर दोन शब्द बोलले जायचे, चहाचं आधण ठेवलं जायचं.

आणि सवाई गंधर्व महोत्सव! आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांच्या स्मरणार्थ पंडित भीमसेन जोशी यांनी 1953 पासून तो पुढे नेला. आमच्या तरुणपणी रमणबागेच्या मैदानावर तो रात्रभर चालायचा. सतरंजी, शाल, चहाचा थर्मास आणि पोळी-भाजीचा डबा घेऊन आम्ही पाच घरं जायचो. उत्तररात्री मालकंस ऐकताना शेजारचा अनोळखी माणूस आपल्या शालीचं टोक आपल्या पायावर टाकायचा आणि त्याचं कोणाला नवल वाटायचं नाही. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद झाले. सवलत मिळालीच तर ती मध्यरात्रीपर्यंत. आजारी माणसांचा आणि लहान मुलांचा विचार केला तर ते योग्यच झालं. पण मांडवात बसून पहाट होताना पाहणं संपलं. एक प्रथा मात्र टिकली. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्याच ध्वनिमुद्रिकेतल्या भैरवीने होते. त्या ठुमरीतही हा ‘चैन’ शब्द आहे, आणि तिथे तो जिवाच्या शांततेचा आहे. हजारो माणसं उभं राहून, न बोलता ती ऐकतात. तिथे कोणी म्हणत नाही, की फार चैन चाललीये तुमची.

याच पाच घरांची आमची कोजागिरी. 1985 पासून गच्चीवर सतरंज्या अंथरायच्या, आटवलेल्या दुधाचं पातेलं चांदण्यात ठेवायचं, ज्याला जे येतं ते त्याने गायचं. बेसूर गाणाऱ्याला दूध एक पेला जास्त, असा आमचा नियम. आमच्यातल्या एका मैत्रिणीच्या यजमानांना पेटी शिकायची फार हौस. बँकेतली नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणं. चांगली पेटी विकत आणून त्यांनी ती कपाटावर ठेवली होती, जुन्या चादरीत गुंडाळून. दर कोजागिरीला आम्ही विचारायचो, आणि ते म्हणायचे, “एकदा रिटायर होऊ द्या, मग बघा!”

2008 साली, गणपती विसर्जनानंतर आठवड्याभरात, ते झोपेतच गेले. निवृत्तीला सात महिने उरले होते.

कोजागिरी आली तेव्हा अजून महिनाही झालेला नव्हता. यंदा नको, असं आम्ही चौघींनी परस्पर ठरवून टाकलं. वर्षभर सण नसतो, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. संध्याकाळी तिचाच फोन आला.

“अगं, दूध आटवायला ठेवलंय. येताय ना?”

मला काय बोलावं कळेना. तीच पुढे म्हणाली, “सण नाही करत मी. तुम्ही या फक्त. घर फार शांत आहे.”

आम्ही गेलो. तिने नानकटाई भाजली होती. खालच्या मजल्यावरच्या एक बाई जिन्यात म्हणाल्याच, “एवढ्यात भट्टी पेटवली?” तिने ऐकलं, आणि आम्हाला म्हणाली, “दुपारी नुसती बसले की हात थरथरतात. तूप फेसताना थरथरत नाहीत.” त्या रात्री गच्चीवर कोणी गेलं नाही. तिच्या हॉलमध्येच बसलो. बऱ्याच वेळाने तिने कपाटावरून पेटी काढायला सांगितली. भात्यातून हवा जात होती, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. आमच्यापैकी एकाने शाळेच्या प्रार्थनेपुरती शिकलेली पेटी कशीबशी वाजवली. ती रडली, आम्हीही रडलो. आणि तेवढ्या दिवसांत त्या रात्री तिला प्रथमच झोप लागली, असं तिने दुसऱ्या दिवशी सांगितलं. चैन पडली, दुसरा शब्द नाही.

पुढच्या महिन्यात तिने पेटी दुरुस्तीला दिली आणि वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी शिकायला लागली. आजही ती फार चांगली वाजवते असं नाही. पण कोजागिरीला आमच्या बेसूर गाण्यांना साथ करण्याइतकी नक्कीच. तिच्या यजमानांनी केली ती काटकसर होती, आणि त्यात चूक काय काढणार? पैसा साठवला तर तो उद्या वापरता येतो. हौस तशी साठत नाही. ती वेळच्या वेळी खर्चच करावी लागते.

हल्ली फोनमध्ये जगातलं सगळं गाणं आहे आणि केक अर्ध्या तासात दाराशी येतो. मी तोही मागवते, त्यात वाईट काही नाही. पण मागवलेल्या केकसाठी कोणी पायरीवर बसत नाही. म्हणून आम्ही पाच घरांनी, म्हणजे आता उरलेल्या आठ जणांनी, महिन्यातली एक संध्याकाळ ठरवली आहे. एक राग सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचे, आणि ज्याच्या घरी बैठक त्याने काहीतरी स्वतः भाजायचं. करपलं तरी चालतं. गेल्या खेपेला करपलंच होतं, आणि सगळ्यात आधी तीच बशी संपली.

आज रविवार आहे. तुमच्याही कपाटावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी असेल: पेटी, तबला, रंगांची पेटी, नाहीतर माळ्यावर गेलेला तो गोल ओव्हन. दुपारची झोप झाली की खाली काढा, धूळ पुसा. आणि शेजाऱ्यांना चहाला बोलवायला विसरू नका.