हेकरू: मोठा झाला की नर होणारा मासा

जालन्यात विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो सह्याद्रीपाशी संपत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे ते थर अरबी समुद्राच्या तळाखालीही पसरलेले आहेत. त्या समुद्रात खडक आणि प्रवाळांच्या आधाराने राहणारं माशांचं एक कूळ आहे. त्यातल्या एकाला कोकणात हेकरू म्हणतात. मालवण-गोव्याकडे या कुळातल्या माशांना गोब्रा हे नाव आहे. दुधना-गोदावरीकाठी रोहू, कटला, मरळ खाणाऱ्यांच्या ताटात हेकरू क्वचितच येतो.

हेकरू फार तर दीड-दोन फुटांचा. अंगावर पाच रुंद, काळपट उभे पट्टे. शंभर मीटरपेक्षा खोल पाण्यातही तो सापडतो आणि खडकाखेरीज वाळू-चिखलाच्या तळावरही राहतो. भक्ष्यामागे धावणं या कुळाला फारसं जमत नाही. मासा दबा धरून बसतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की जबडा एकदम उघडतो. पाण्याबरोबर कोळंबी किंवा लहान मासा आत ओढला जातो.

तांबड्या समुद्रातल्या त्याच्या एका भाईबंदाची युक्ती याहून पुढची आहे. भक्ष्य फटीत शिरलं, की तो मोरे ईल या सापासारख्या लांब माशाच्या बिळापाशी जाऊन डोकं हलवतो आणि तिला शिकारीला बोलावतो. ईल फटीत घुसते, हा बाहेर थांबतो. भक्ष्य ज्याच्या तोंडी लागेल त्याचं. संशोधक रेदुआन ब्शारी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये हे नोंदवलं.

पण खरा नवलाचा भाग पुढे आहे. हेकरू आधी मादी असतो. काही वर्षं अंडी घालून झाल्यावर, आकार वाढला की त्यातल्या काही माद्यांचे नर होतात. म्हणजे समुद्रातले नर हे बहुतेक सगळे मोठे आणि वयस्क मासे. बाजारात जास्त भाव त्यांनाच. मोठे मासे वेचून काढले तर अंडी घालणाऱ्या माद्या उरतात, ती फळवणारे नर मात्र कमी पडतात. आणि ट्रॉलरच्या जाळ्यात पिल्लं आली, तर माद्याही पुरेशा तयार होत नाहीत. दोन्ही बाजूंनी मार बसणारा असा मासा जपायला हवा.

धरणात मासे कमी झाले तर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडता येते. खोल समुद्रातल्या खडकावर ती सोय नाही. तिथे अंडी पाण्यात तरंगतात, लांब काटे असलेली पिल्लं कित्येक आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात आणि मगच तळ गाठतात. विजयदुर्गापासून सुमारे 105 किलोमीटर पश्चिमेला, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचा आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी उंचवटा आहे. त्याचा माथा पाण्याखाली जेमतेम वीस मीटरवर, म्हणून तिथे प्रवाळ वाढतात. या कुळातल्या माशांना असा आसरा मोलाचा.

2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवून दिलं. हे चांगलं पाऊल आहे. मात्र खोलातून आलेला लहान हेकरू नुसता परत सोडून भागत नाही. पन्नास मीटरवर पाण्याचा आणि हवेचा मिळून दाब पृष्ठभागाच्या सहापट असतो. मासा वर ओढला की त्याच्या वाताशयातला वायू फुगतो, जठर तोंडातून बाहेर येतं आणि मासा उलटा तरंगत राहतो. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात खोल पाण्यातल्या रॉकफिशचं हेच होतं, म्हणून त्यांना वजन लावून पुन्हा खाली पोहोचवणारं साधन बोटीवर ठेवावं लागतं. ट्रॉलच्या ढिगातल्या शेकडो पिल्लांसाठी तो उपाय चालणार नाही. तिथे जाळ्याच्या शेपटीला चौकोनी आस (जाळ्याच्या विणीचं भोक) हवा: ओढताना तिरक्या आसाची भोकं मिटतात, चौकोनी आस उघडा राहतो आणि पिल्लू तळाशीच निसटतं.