मशीन विकतचं, मग घड्याळ कुणाचं?

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आता पोलो नाही. तिथे वीज वितरण कंपनीचं मुख्यालय आहे, लघुउद्योगांच्या शेड आहेत आणि मालाच्या टेम्पोंची ये-जा आहे. घोडे उरले ते पत्त्यातल्या नावापुरते. पण सध्या बोलबाला असलेल्या ‘मायक्रोब्रँड’ घड्याळांची, म्हणजे दोन-चार जणांनी काढलेल्या आणि थोड्या नगांत निघणाऱ्या घड्याळांची पारख करायची, तर सुरुवात पोलोपासूनच करावी.

१९३०-३१च्या हिवाळ्यात सेझार द ट्रे हा स्विस व्यापारी हिंदुस्थानात आला होता. सामन्यात काच फुटलेलं घड्याळ एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याच्यापुढे धरलं आणि ‘पोलोत टिकेल असं काही करा’ म्हणाला, असं जेगर-लकूल्त्र कंपनी सांगते. रने-आल्फ्रेड शोवो या अभियंत्याने त्यावर तोड काढली. चौकटीतल्या खाचेत केस सरकवायची आणि उलटायची, की काच आत जाते आणि पोलादी पाठ बाहेर येते. ४ मार्च १९३१ रोजी पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज झाला. रिव्हर्सो या घड्याळात जे काही वेगळं दिसतं, त्याला एक कारण आहे.

ब्रँडवाले सहसा सांगत नाहीत ती गोष्ट पुढची. पहिल्या रिव्हर्सोंमधलं मशीन लकूल्त्रचं नव्हतंच. त्या आकाराचं मशीन त्यांच्याकडे नसल्यामुळे ते तावान कंपनीकडून घेतलं होतं. स्वतःचं आलं १९३३मध्ये. त्यामुळे ‘यांचं मशीन विकतचं आहे’ म्हणून छोट्या कंपन्यांना नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. विकतचं असू द्या. त्याच्याभोवती काय बांधलं आणि किती पैसे मागितले, एवढंच बघायचं.

आपल्याकडे जयपूर वॉच कंपनी २०१३मध्ये सुरू झाली आणि जुनी नाणी तबकडीत बसवून नावारूपाला आली. २०१८मध्ये बंगळुरू वॉच कंपनी आली. तिच्या ‘माक १’ची कल्पना मिग-२१ विमानावरून घेतलेली. एचएमटीच्या शहरातूनच हे घडावं, हे ठीकच झालं. नाणं, विमान, क्रिकेट, अवकाशयान अशी प्रत्येक घड्याळामागे एक कथा असते. कथा वाचायला मला आवडतात, पण किंमत ठरवताना मी त्या बाजूला ठेवतो.

मग उरतं ते मोजता येतं. स्वस्त-मध्यम मायक्रोब्रँडमध्ये बहुधा सेकोचं एनएच३५ असतं: २४ ज्वेल्स, तासाला २१,६०० ठोके, आणि दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची कारखान्याची मुभा. मशीन दणकट आहे, पण जाडी ५.३२ मिलिमीटर. मियोटा ९०१५ फक्त ३.९ मिलिमीटरचं. म्हणून शर्टाच्या बाहीखाली सरकावं असं ‘ड्रेस’ घड्याळ कुणी एनएच३५वर बांधलं, तर ते मनगटावर डबीसारखं बसणार. रेखाटनात कितीही नाजूक दिसो.

तारखेची खिडकी बघा. मोठ्या केसमध्ये लहान मशीन घातलं की खिडकी तबकडीच्या कडेपासून आत, मध्याकडे सरकते आणि कधी एखादा आकडा अर्धा खाते. मिनिटकाटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतो का? नसेल पोचत, तर काटे बहुतेक तयार मालातून उचललेले. तारीखच नसलेल्या घड्याळाची चावी ओढून बघा. एकाऐवजी दोनदा ‘कट्’ झालं, तर आत तारखेचं मशीन आहे आणि तबकडीने ते झाकलंय. तारखेविना एनएच३८ मिळतं. ते न घेणाऱ्याने पैसे वाचवले की कष्ट, ते त्यालाच विचारा.

रिव्हर्सो घडत होतं त्याच सुमारास यशवंतराव होळकर (दुसरे) एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून इंदुरात माणिकबाग राजवाडा बांधून घेत होते. भिंतींपासून दिव्यांपर्यंत सगळं एका विचाराने आखलेलं. (आता तिथे केंद्रीय करखात्याचं कार्यालय आहे.) छोट्या कंपनीला हे साधता येतं, कारण तिथे एकाच माणसाच्या डोळ्याने आकडा, काटा, पट्टा ठरू शकतो. अनेकींना साधत नाही, कारण त्या गाजलेल्या रोलेक्सची चौकट घेतात आणि फक्त रंग बदलतात.

किमतीसाठी माझा मापदंड जुना आहे: एचएमटी जनता. १७ ज्वेल्स, रोज चावी, स्वच्छ तबकडी, आणि गल्लीतल्या घड्याळजीला उघडता येईल असं यंत्र. दुरुस्ती हाही किमतीचा भाग आहे. एनएच३५ इथे पास होतं. ते बिघडलं तर अख्खं मशीन काही हजारांत बदलता येतं, पण मूळ घड्याळाला पन्नास हजार मोजले असतील तर तोच हिशेब बोचतो. पंधरा हजारांत नीलमणी काच, नीट बसलेले काटे आणि हे मशीन मिळत असेल, तर सौदा चोख. पन्नास हजारांत मला निदान सेलिटाचं मशीन किंवा मियोटा ९०१५ हवं, आणि तबकडीवर अशी कारागिरी हवी जी बाजारात तयार मिळत नाही.

घ्यायच्या आधी मशीनचं नाव विचारा. नुसतं ‘जपानी ऑटोमॅटिक’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवा.