मूर्तीविना निष्ठा : कोकणातील बेने इस्रायल आणि न तुटलेला करार

ज्यू धर्माचा विषय निघाला की मूर्तिपूजेचा निषेध हीच त्याची ओळख सांगितली जाते आणि त्यातून हा धर्म दुसऱ्यांच्या श्रद्धेवर उठलेला आहे, असा समज होतो. तोरा या ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथाची मांडणी वेगळी आहे. दहा आज्ञांचा आरंभ मिसरच्या गुलामीतून सोडवणाऱ्या देवाच्या स्मरणाने होतो. मूर्ती न घडवण्याची आज्ञा त्यानंतर येते. आधी नाते, मग नियम. म्हणूनच होशेयसारखा संदेष्टा मूर्तिपूजेची तुलना वैवाहिक व्यभिचाराशी करतो. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी लोकांनी सोन्याचे वासरू पुजले, मोशेने आज्ञांच्या पाट्या फोडल्या; पण देवाने दुसऱ्या पाट्या दिल्या. देवाने आपल्या लोकांशी केलेला करार, तो मोडणाऱ्यांशीही टिकला. मूर्तीचा निषेध हा मुळात ज्याने शब्द दिला त्याच्या निष्ठेचा प्रश्न आहे, शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याचा नव्हे, असे मला ठामपणे वाटते. आणि याचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातच आहे.

अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, असे कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाची परंपरा सांगते. ग्रंथ, गुरू आणि हिब्रू भाषेचे ज्ञान हरपले. हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले आणि किहीमकर, पेणकर अशी गावांवरून आडनावे लावू लागले. तरी शनिवारी घाणा बंद असे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. आठव्या दिवशी मुलाची सुंता होई, खवले आणि पर असलेलेच मासे खाल्ले जात आणि जन्मापासून मृत्यूपर्यंत प्रत्येक प्रसंगी ‘शेमा’ ही एका देवाची ग्वाही देणारी प्रार्थना म्हटली जाई. तोरात सुंता आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, या दोन्हींना कराराची खूण म्हटले आहे. पुस्तक हरवले तरी खुणा राहिल्या. पुढे १८३०च्या दशकात जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण उपलब्ध केले. समाजाने विद्या घेतली, धर्म मात्र क्वचितच कोणी बदलला.

यावर पहिला आक्षेप असा की, हा समाज भोवतालच्या मूर्तिपूजेत मिसळला नाही कशावरून? मंगळसूत्र आले, मेंदी आली, नवसाचा मलिदा आला. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या रथाच्या खुणा मानल्या जाणाऱ्या खडकाचे दर्शनही आले. पण मलिद्याच्या ताटातील पोहे, गूळ, खोबरे आणि फळे कोणत्याही प्रतिमेपुढे ठेवलेली नसतात. स्मरण एलियाहूचे, प्रार्थना आणि आशीर्वचने एका देवाची. रीत कोकणातली असली तरी ती पोचते कोणाकडे, हे पाहिल्याशिवाय मिसळण्याचा निवाडा करता येत नाही. १८८०च्या दशकात याच समाजाने मराठी कीर्तन आपलेसे केले आणि त्यातून बायबलमधील आख्याने सांगितली. साज हरिदासांचा होता, आख्यान कुलपित्यांचे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. तोरा परक्या वेद्या मोडायला सांगते, मग शेजाऱ्याचा आदर ही केवळ सोय नव्हे का? बाराव्या शतकातील ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीसने हे कर्तव्य इस्राएलच्या भूमीपुरते ठेवले. तिच्याबाहेर मूर्तींचा पाठलाग करण्याचे बंधन त्याने मानले नाही. पुढे मेनाखेम मेईरी या धर्मशास्त्र्याने धर्माच्या शिस्तीने जगणाऱ्या समाजांना प्राचीन मूर्तिपूजकांच्या कायद्यांतून वगळले. म्हणजे मूर्ती न पुजणे आणि मूर्तिपूजकाचा तिरस्कार न करणे, या दोन्ही गोष्टी परंपरेच्या आतच एकत्र नांदू शकतात.

इस्राएलमध्ये गेल्यावर मात्र बेने इस्रायलांच्याच ज्यूपणावर शंका घेतली गेली. १९६२मध्ये मुख्य रब्बींच्या संस्थेने त्यांच्या विवाहांसाठी वंशचौकशीचे निर्देश काढले. आंदोलन झाले आणि १९६४मध्ये इस्राएलच्या संसदेने ते सर्व अर्थांनी ज्यू असल्याचे जाहीर केले. शंका विवाह आणि घटस्फोटाच्या नियमांविषयी होती. मूर्तींनी वेढलेल्या प्रदेशात ते एका देवालाच धरून राहिले, यात खळ पडला नव्हता. करार टिकायला भिंत लागत नाही. नेमाने पाळलेली थोडीशी कृत्ये आणि ती पाळू देणारे शेजारी लागतात. बेने इस्रायलांच्या निष्ठेचे श्रेय त्यांचेच आहे, पण तिला जागा देणाऱ्या कोकणाचा वाटाही त्यात मोजला पाहिजे.