पाय मागे घेण्याचेही धैर्य

दरवर्षी जानेवारीत मेलबर्नला ऑस्ट्रेलियन खुली टेनिस स्पर्धा सुरू झाली की वर्षातील चार महास्पर्धांच्या चक्राला गती मिळते. मेअखेरीस पॅरिस, जूनअखेरीस विम्बल्डन आणि ऑगस्टअखेरीस न्यूयॉर्क असा हा क्रम ठरलेला आहे. या प्रत्येक ठिकाणी पहिल्या दोन-तीन दिवसांत एक दृश्य हमखास दिसते. एखादा खेळाडू मांडीला पट्टी बांधून कोर्टावर येतो, एक सेट कसाबसा रेटतो आणि मग प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करून सामना सोडून देतो. घरी संचासमोर बसलेला प्रेक्षक तत्काळ निकाल देऊन मोकळा होतो. "खेळायचेच नव्हते तर हा आला कशाला?" असा त्याचा सवाल असतो. आमच्या मते हा सवाल अगदीच गैरलागू नाही. परंतु त्याचे उत्तर त्या खेळाडूच्या मांडीपेक्षा त्याच्या खिशात अधिक सापडते. आणि आपल्या पेडणे-डिचोलीसारख्या तालुक्यांतून मुलांना खेळाकडे वळवू पाहणाऱ्या पालकांनी हे उत्तर समजून घेणे आज अगत्याचे झाले आहे.

व्यावसायिक टेनिसपटू हा कोणाचाही पगारदार नसतो, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. राष्ट्रीय संघातील क्रिकेटपटूला मंडळाचा करार असतो, फुटबॉलपटूला क्लबाचे वेतन असते. तो जायबंदी झाला तरी करार संपेपर्यंत त्याची चूल सहसा थंड पडत नाही. टेनिसपटूचे तसे नाही. विमानाचे भाडे त्याचे, हॉटेलचा खर्च त्याचा, प्रशिक्षकाचे मानधनही त्यानेच द्यावयाचे. सामना खेळला तर पैसा, न खेळला तर काही नाही. आमच्या गावांत नारळ पाडणाऱ्या पाडेल्याचा पाय मुरगळला की त्याच दिवसापासून त्याची मिळकत थांबते. टेनिसपटू कितीही झगमगाटात वावरत असला तरी त्याची जात तीच, हातावर पोट असणाऱ्याची. अशा माणसाला "दुखत असेल तर विश्रांती घे" असे सांगणे सोपे असते. ते पाळणे त्याला परवडत नाही.

महास्पर्धांतील बक्षिसांच्या रकमा पाहिल्या म्हणजे हा पेच अधिक स्पष्ट होतो. २०२५ साली विम्बल्डनमध्ये एकेरीच्या पहिल्याच फेरीत हरणाऱ्या खेळाडूलाही ६६,००० पौंड मिळाले. आपल्या चलनात ही रक्कम पाऊण कोटीच्या घरात जाते. वर्षभर लहानसहान स्पर्धांतून वणवण करणाऱ्या शंभराव्या क्रमांकाच्या खेळाडूला ही रक्कम म्हणजे वर्षाची बेगमी. मग गुडघा सुजलेला असो, अंगात ताप असो, तो कोर्टावर उभा राहणारच. याला आळा घालण्यासाठी महास्पर्धांच्या चालकांनी २०१८ पासून एक नियम केला. जो खेळाडू स्पर्धेच्या ठिकाणी येऊन, मुदतीत आपली दुखापत जाहीर करून पहिल्या फेरीपूर्वी माघार घेईल, त्याला पहिल्या फेरीची निम्मी रक्कम मिळते आणि उरलेली निम्मी त्याच्या जागी येणाऱ्याला जाते. उलट, जो अंगात त्राण नसताना उतरून व्यावसायिक दर्जाचा खेळ करणार नाही, त्याला पहिल्या फेरीच्या संपूर्ण रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. त्याच वर्षी मेलबर्नला जर्मनीचा मिशा झ्वेरेव्ह आजारी अवस्थेत उतरला, दुसऱ्या सेटमध्ये त्याने सामना सोडला आणि ४५,००० डॉलरचा दंड पदरात पाडून घेतला. म्हणजे प्रामाणिक माघारीला मोल आणि ओढूनताणून आणलेल्या शौर्याला दंड, असा हा उफराटा वाटणारा पण शहाणपणाचा न्याय आहे.

मात्र हा न्याय पहिल्या शंभरांच्या आसपास पोहोचलेल्यांसाठी. त्याखालच्यांचे काय? सप्टेंबर २०२३ मध्ये भारताचा तेव्हाचा अव्वल एकेरी खेळाडू सुमित नागल याने आपल्या बँकेच्या खात्यात जेमतेम ९०० युरो, म्हणजे सुमारे ऐंशी हजार रुपये आहेत, असे उघडपणे सांगितले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. वर्षाला ८० लाख ते १ कोटी रुपये खर्च येतो आणि तोही सोबत एकटा प्रशिक्षक धरून, फिजिओथेरपिस्ट न धरता, असे त्याचे म्हणणे होते. या हिशेबातील शेवटची बाब आम्हांला सर्वांत बोलकी वाटते. नागलच्या नितंबाच्या सांध्यावर २०२१ साली शस्त्रक्रिया झाली होती. ज्याच्या शरीराला रोजच्या देखभालीची सर्वाधिक गरज, त्यालाच ती देखभाल परवडत नव्हती. पुढे जानेवारी २०२४ मध्ये त्याने मेलबर्नला पात्रता फेरीतून वर येऊन मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरविले. १९८९ साली तेथेच रमेश कृष्णनने मॅट्स विलँडरला नमविल्यानंतर महास्पर्धेच्या एकेरीत मानांकिताला हरविणारा तो पहिला भारतीय ठरला. त्या आठवड्याने त्याचे वर्ष सावरले. परंतु एका आठवड्यावर वर्ष टांगलेले असावे, यातच या व्यवसायाचे सारे मर्म आहे.

गोमंतकीयांना या विषयाचा धडा शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. डॉ. वेस पेस हे १९४५ साली गोव्यात जन्मले, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघातून खेळले आणि पुढे क्रीडावैद्यक हेच त्यांनी आपले क्षेत्र मानले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते निवर्तले. खेळाडू आणि वैद्य ही दोन्ही नाती एकाच देहात नांदल्याचे असे उदाहरण आपल्याकडे विरळा. त्यांचा मुलगा लिअँडर कलकत्त्यात १९७३ साली जन्मला, मद्रासच्या अमृतराज अकादमीत घडला आणि १९९० साली विम्बल्डनचा कुमार विजेता ठरला. १९९६ मध्ये अटलांटाला त्याने मनगटाची दुखापत सोसत फर्नांदो मेलिजेनीविरुद्ध पहिला सेट गमावूनही कांस्यपदक जिंकले. १९५२ साली हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत मिळविलेल्या पदकानंतर ४४ वर्षांनी भारताला लाभलेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

ही कथा सर्वांना पाठ आहे. आम्हांला सांगावयाचे आहे ते तिच्या पुढचे. लिअँडर एकेरीत १९९८ साली ७३ व्या क्रमांकापर्यंत चढला. त्याच वर्षी त्याने न्यूपोर्टची स्पर्धा जिंकली आणि न्यू हेवनला साक्षात पीट सँप्रसला हरविले. येथे कोणाही महत्त्वाकांक्षी तरुणाला एकेरीचाच मोह पडला असता. परंतु पाच सेटच्या लढतींत पंधरवडाभर टिकण्यासाठी लागणारी उंची व सर्व्हिसची ताकद आणि आपल्याजवळचे भांडवल, म्हणजे जाळ्याजवळची चपळाई, हाताची लाघवी आणि नजरेचा वेग, यांचा मेळ कोठे बसतो, याचा विचार करावा लागतो. हळूहळू त्याने आपला पाय दुहेरीत रोवला. १९९९ ते २०१६ या सतरा वर्षांत त्याने पुरुष दुहेरीची ८ आणि मिश्र दुहेरीची १० अशी १८ महास्पर्धांची विजेतेपदे मिळविली. १९९२ ते २०१६ अशा सलग सात ऑलिंपिकमध्ये तो खेळला. अंथरूण पाहून पाय पसरावेत असे आपण म्हणतो, तेव्हा त्यात कोतेपणा पाहतो. येथे मात्र अंथरूण अचूक पाहिल्यामुळेच पाय जगभर पसरता आले.

याच प्रवासात २००३ च्या ऑगस्टमधला प्रसंग येतो. नुकतेच मार्टिना नवरातिलोवासह विम्बल्डनचे मिश्र दुहेरीचे अजिंक्यपद पटकावलेल्या लिअँडरला तीव्र डोकेदुखीने अमेरिकेत ऑर्लँडोच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले. मेंदूत अर्बुद असल्याचा संशय होता; निदान झाले ते परजीवी जंतूमुळे होणाऱ्या मेंदूच्या विकाराचे. न्यूयॉर्कची महास्पर्धा हुकली, महिने औषधोपचारांत गेले आणि पुढच्या वर्षी तो परतला. "शिर सलामत तर पगडी पचास" ही म्हण इतक्या शब्दशः क्वचितच कोणाच्या वाट्याला आली असेल. थांबलेल्या त्या महिन्यांनी त्याचे काही नेले नाही. त्यानंतरची वर्षे त्यानेच त्याला मिळवून दिली.

सानिया मिर्झा हिचे उदाहरण याहून कठोर आहे. मुंबईत जन्मून हैदराबादेत वाढलेली ही मुलगी २००७ साली एकेरीत जगात २७ व्या क्रमांकावर होती. पुढे मनगटावर आणि दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. ज्या क्षेत्रात देशातील कोणतीही स्त्री तिच्याइतकी वर चढली नव्हती, ते स्वतःहून सोडणे म्हणजे काय, याची कल्पना आम्ही पुरुषांनी करावी. दोन वर्षांनी, एप्रिल २०१५ मध्ये, ती दुहेरीत जगात पहिली झाली. रोहन बोपण्णाच्या गुडघ्यांतील कूर्चा झिजली, तेव्हा त्याने पुण्याच्या योगाचार्य अय्यंगारांच्या पद्धतीची योगसाधना धरली. जानेवारी २०२४ मध्ये मेलबर्नला वयाच्या ४३ व्या वर्षी त्याने पुरुष दुहेरीचे विजेतेपद मिळविले. उलट ऑस्ट्रेलियाची ॲश बार्टी. मायदेशाची महास्पर्धा जिंकल्यावर दोनच महिन्यांनी, मार्च २०२२ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी आणि जगात पहिल्या क्रमांकावर असताना तिने रॅकेट खाली ठेवली. कोणी शाखा बदलली, कोणी साधना बदलली, कोणी खेळच सोडला. निर्णय भिन्न, परंतु प्रत्येकाने आपल्या शरीराशी प्रामाणिक संभाषण केले, हा धागा समान.

आता आमच्या घरच्या अंगणाकडे वळू. पेडण्याचा किंवा डिचोलीचा मुलगा भात कापून झालेल्या शेतात क्रिकेट आणि फुटबॉल खेळत वाढतो. टेनिसची आवड लागलीच, तर सराव आणि स्पर्धा यांसाठी पणजीच्या वाऱ्या सुरू होतात. सुमारे तीस किलोमीटर जाणे, तितकेच येणे. शाळा सांभाळून हे करणाऱ्या मुलांचे आणि त्यांना दुचाकीवरून नेणाऱ्या पालकांचे आम्हांला कौतुकच आहे. डिचोलीने खाणी बंद पडल्यावरचे दिवस पाहिले आहेत आणि पेडणे मोपाच्या विमानतळानंतरची उलथापालथ अनुभवीत आहे; अशा काळात मुलावर असा खर्च करणे ही कुटुंबाने लावलेली मोठी पैज असते. म्हणूनच तिची भीती वाटते. पैज मोठी लागली की मुलाने "दुखते" म्हणणे अवघड होऊन बसते. वाढत्या वयात हाडांची टोके अजून कोवळी असतात. एकाच हाताने शेकडो सर्व्हिस मारल्याने खांदा, कोपर आणि कंबर यांवर एकांगी ताण पडतो. हे दुखणे दडपून खेळविलेला चौदा वर्षांचा कुमार विजेता अठराव्या वर्षी सांध्यांचा रोगी होऊ शकतो. अमेरिकेची जेनिफर कॅप्रियाटी १९९० साली तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली आणि पुढे काही वर्षांतच कोमेजली. तेव्हा १९९५ मध्ये महिला टेनिस संघटनेला अठरा वर्षांखालील मुलींच्या स्पर्धांवर मर्यादा घालावी लागली. संघटनेला जे नियमाने करावे लागले, ते घरोघरी विवेकाने का होऊ नये?

शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत अग्निदिव्य करणारे धोंड आधी काही दिवस व्रतस्थ राहतात. आहार, निद्रा, आचार या सर्वांचे नियम पाळून मगच निखाऱ्यांत पाऊल पडते. कसोटीपूर्वी तयारी हवी, हे सूत्र आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवावयास नको. आपण फक्त ते मैदानावर नेत नाही, इतकेच.

याबाबत आमच्या सूचना मोजक्या आहेत. पालकांनी आरंभीच मुदत आखावी: अमुक वयापर्यंत अमुक टप्पा गाठला नाही तर खेळ छंद म्हणून राहील आणि त्यात कोणाचाही पराभव मानला जाणार नाही. अभ्यास पूर्ण तोडू नये, डॉ. वेस पेस हॉकी खेळतच डॉक्टर झाले. फिजिओथेरपिस्ट, पंच, प्रशिक्षक, क्रीडावैद्य याही खेळातल्याच वाटा आहेत, हे मुलाला वेळीच कळावे. शाळांनी क्रीडागुणांसाठी दुखऱ्या पायावर मूल उतरवू नये. आणि सरकारने नव्या इमारतींच्या कोनशिला बसविताना एवढे करावे, की क्रीडादुखापती जाणणारा फिजिओथेरपिस्ट पेडणे आणि डिचोली येथे आठवड्यातील ठराविक दिवशी खेळाडूंना उपलब्ध असेल. अवघड दुखण्याला बांबोळीची वाट धरणे रास्त; परंतु साध्या मुरगळीचे अवघड दुखणे होऊ न देणे हे तालुक्याच्याच पातळीवर होऊ शकते. एका प्रेक्षागाराच्या मानाने हा खर्च नगण्य आहे.

झुंजार खेळाडूची आम्हांला महती आहेच. पण उद्या आपल्या तालुक्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी अंतिम सामन्याच्या सकाळी "आज माझा खांदा साथ देत नाही" असे सांगेल, तेव्हा त्याच्या वा तिच्या पाठीवर हात ठेवणारा बाप, शिक्षक आणि प्रशिक्षक आपल्याकडे असेल काय? गोव्यातून पुढचा टेनिसपटू घडेल की नाही, हे कोर्टांच्या संख्येइतकेच या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून राहील.