भिंतीतली वायर आणि दूरचा आवाज



मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई जरा तणतणतच आल्या. त्यांची लेक इंग्लंडमध्ये असते. तिच्या शेजारचे आजोबा हातात छोटा रेडिओ घेऊन तिच्या दारात आले आणि म्हणाले, "मुली, तुझ्या घरातल्या डब्यांमुळे मला रेडिओवर काही ऐकू येत नाही." लेक म्हणाली, "माझ्या घरातली वायर, माझं लाइटबिल. तुमच्या रेडिओशी माझा काय संबंध?" ताईंनी तोच प्रश्न आमच्यापुढे टाकला. आज त्याचंच उत्तर शोधू या.

आधी त्या डब्या काय आहेत ते पाहू. तिकडच्या जुन्या घरांच्या भिंती जाड. खालच्या खोलीतलं वायफाय वरच्या खोलीत नीट पोहोचत नाही. मग लोक दोन छोट्या डब्या आणतात. एक इंटरनेटच्या यंत्राजवळच्या प्लगमध्ये, दुसरी वरच्या खोलीतल्या प्लगमध्ये. भिंत फोडायला नको, नवी वायर ओढायला नको. लाइटच्या वायरीतूनच इंटरनेट वर जातं. सोय मोठी, म्हणून ब्रिटनमध्ये त्या लाखो घरांत गेल्या.

अडचण आहे ती वायरीची. घरातली वायर केली आहे सेकंदाला 50 वेळा हेलकावणाऱ्या विजेसाठी. या डब्या तिच्यातून सेकंदाला साधारण 20 लाख ते 3 कोटी वेळा हेलकावणाऱ्या लहरी पाठवतात. त्या लहरी वायरीत टिकत नाहीत, बाहेर पडतात.

आपण पाटाचं पाणी पाहतो ना? कच्च्या पाटाने पाणी सोडलं की ते वाटेत झिरपतं आणि बांधापलीकडच्या शेतात ओल जाते. तेच पाणी पाइपातून नेलं तर थेंब सांडत नाही. इंटरनेटसाठी बनवलेल्या खास वायरीत दोन-दोन तारा एकमेकींना पीळ देऊन घातलेल्या असतात. एका तारेची लहर दुसरीची लहर बाहेर मारून टाकते. ती झाली पाइपलाइन. लाइटच्या वायरीला असा पीळ नसतो. शिवाय बटणापाशी एकच तार जाते, दुसरी भलतीकडेच राहते. त्यामुळे एकमेकींना आवरायला कुणी नाही. अख्ख्या घराची वायर मग एरियलसारखी वागू लागते. तो झाला कच्चा पाट.

आता ते आजोबा ऐकत काय होते? ते हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात. परीक्षा देऊन, परवाना घेऊन ते घरातून रेडिओवर बोलतात. त्यांच्यासाठी 3.5, 7, 14, 21 आणि 28 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या जागा राखून दिल्या आहेत. या लहरी आकाशात खूप उंचावर असलेल्या थरावर आपटून परत जमिनीवर येतात. म्हणून साध्या 100 वॅटच्या यंत्रावरून हजारो किलोमीटरवर बोलता येतं. पण इतक्या लांबून आलेला आवाज अगदी क्षीण असतो. आणि डब्यांच्या लहरी नेमक्या याच पट्ट्यात सांडतात. देवळात कुणी हळू आवाजात गाऱ्हाणं घालतंय आणि शेजारी पिठाची गिरणी सुरू झाली, तसं होतं.

बैठकीत एकीने विचारलं, "पण हौसच ना ही? गप्पाच मारायच्या ना?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर आपल्याच देशात आहे.

26 डिसेंबर 2004. अंदमानला भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी आली. त्या वेळी भारती प्रसाद ही हॅम रेडिओ चालवणारी बाई आपल्या साथीदारांसह पोर्ट ब्लेअरला होती. त्या गेल्या होत्या जगभरच्या हौशी लोकांशी बोलायला, म्हणजे हौसेलाच. फोन बंद पडले, तेव्हा त्याच रेडिओवरून त्यांनी मुख्य भूमीशी संपर्क ठेवला. कोण सुखरूप आहे, कुणाला काय हवंय, हे निरोप घरोघरी पोहोचले. मात्र बोलणारीने कितीही जीव तोडून सांगितलं, तरी पलीकडे ऐकणाऱ्याच्या रेडिओत शांतता हवी. तिथे खरखर असती, तर निरोप पोहोचला नसता.

ब्रिटनमध्ये तक्रारी वाढल्या. हौशी रेडिओवाल्यांची तिथली संस्था 1913 पासूनची, तिने प्रश्न लावून धरला. पुढे 2013 मध्ये युरोपात या डब्यांसाठी मानक ठरलं. हौशी रेडिओच्या आणि विमानांच्या संपर्काच्या जागा डब्यांनी कायम मोकळ्या सोडायच्या. म्हणजे आपण पेरताना वहिवाटीची वाट सोडून पेरतो, तसंच. शेत आपलं, पीकही आपलं, पण वाट सगळ्यांची. त्याआधी विकलेल्या डब्या मात्र सगळ्याच तशा नव्हत्या.

आपल्या गावात अशा डब्या क्वचितच दिसतील. आपलं हे केंद्र लागतं एफएमवर, त्या जागेपासून बरंच वर. पण हलके चार्जर आणि स्वस्त एलईडी दिवेही अशीच खरखर करतात, आणि ती आकाशवाणीच्या मिडियम वेव्हवर ऐकू येते. शोधायची रीत सोपी आहे. सेलवर चालणारा रेडिओ लावा. घरातले दिवे, चार्जर एकेक करून बंद करा. ज्याने आवाज थांबला तो चोर. सगळं बंद करूनही खरखर राहिली, तर शेवटी मेन स्विच बंद करून पाहा. तरीही राहिली, तर कारण घराबाहेर आहे. शेजारी विचारा. खांबावर ठिणग्या दिसत असतील, तर वायरमनला कळवा. स्वतः वायरीला हात लावू नका.

आता त्या लेकीचं काय झालं ते सांगते. आईचा फोन गेल्यावर तिने आजोबांना घरात बोलावलं. डब्या काढल्या, आणि आजोबांनी खरखर थांबलेली तिला ऐकवली. मग तिने जिन्याच्या कडेने इंटरनेटची साधी वायर वर नेली. खर्च थोडाच आला, आणि वरच्या खोलीतलं इंटरनेट आधीपेक्षा बरं चालतं, असं ती म्हणते.

ताई परवा बैठकीत म्हणाल्या, "वायर तिचीच होती, पण हवा तिची एकटीची नव्हती."

तुमच्या घरात रेडिओ खरखरत असेल, तर या आठवड्यात हा शोध घेऊन पाहा आणि चोर कोण निघाला ते आम्हाला कळवा. नमस्कार.